एका डोंगराचे झुडूप

मॉरिशसच्या राष्ट्रीय फुलाची माहिती वाचणाऱ्या सामान्य वाचकाच्या मनात पहिल्यांदा जो प्रश्न येतो, तो अगदी रास्त आहे. एखादे झुडूप साऱ्या पृथ्वीवर एकाच डोंगराच्या उतारांवर आपले आपण उगवत असेल, तर ते इतरत्र का उगवत नाही? आणि ते एवढे मोलाचे असेल, तर त्याचे बी गोळा करून चार बागांत लावले की काम भागत नाही का? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर शोधताना खडक, वारा आणि काळ यांचा विचार करावा लागतो, तर दुसऱ्याचे उत्तर एका हिरव्या पालीपाशी येऊन थांबते.

१. ‘फक्त इथेच’ म्हणजे काय?

या झुडपाचे शास्त्रीय नाव ट्रोकेशिया बूटोनियाना असे आहे. त्यातील पहिला शब्द आंरी द्युत्रोशे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, तर दुसरा मॉरिशसमधील एकोणिसाव्या शतकातील निसर्गअभ्यासक लुई बूतों यांच्या स्मरणार्थ दिलेला आहे. स्थानिक लोक त्याला ‘बुक्ल दोरेय’, म्हणजे कानातले डूल, म्हणतात. १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले आणि त्याच वेळी या फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न ब्राबाँ नावाचा ५५६ मीटर उंचीचा, समुद्रात घुसलेला आणि बहुतेक बाजूंनी तुटलेल्या कड्यांचा डोंगर आहे, आणि या झुडपाचे नैसर्गिक वसतिस्थान म्हणून आज तेवढ्याच एका डोंगराचे नाव घेता येते.

भेंडी, कापूस आणि जास्वंद ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील हे झुडूप असून, मुचकुंद आणि दुपारी ही मराठी वाचकांच्या ओळखीची झाडे तर त्याच्या आणखी जवळच्या नात्यातली, म्हणजे त्याच उपकुळातली आहेत. याची पाने जाड व चिवट असतात. पाच पाकळ्यांची, नारिंगी लाल रंगाची, घंटेच्या घडणीची फुले खाली तोंड करून लोंबतात. दक्षिण गोलार्धातला हिवाळा, म्हणजे साधारण जून ते ऑक्टोबर, हा त्यांचा बहर असतो. मॉरिशसमधील मराठी वस्तीत गणेश चतुर्थीची तयारी चालते, ती याच दिवसांत.

एखादी जात विशिष्ट प्रदेशातच नैसर्गिकपणे आढळत असेल, तर तिला ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. पळसाचे उदाहरण घेतले तर हा शब्द नीट उमगतो. जबलपूरजवळ ग्वारीघाटाच्या परिसरातला एकूण एक पळस नर्मदेच्या एखाद्या महापुरात वाहून गेला, असे क्षणभर गृहीत धरले, तरी पळस ही जात नष्ट होणार नाही. कारण तो भारतीय उपखंडात दूरवर पसरलेला आहे आणि काही वर्षांत कुठून तरी बी येऊन घाटावर पुन्हा रुजेल. ल मोर्नवरच्या झुडपाला असा मागचा आधार नाही. तिथे एक वणवा, एक रोग किंवा एक मोठी दरड पुरेशी आहे, कारण पुन्हा बी यायचे म्हटले तर ते येणार कुठून?

२. दख्खनचा खडक आणि ल मोर्नचा खडक

बेटे दोन प्रकारची असतात, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. पहिला प्रकार खंडापासून तुटून निघालेल्या बेटांचा. मादागास्कर हे त्याचे ठळक उदाहरण आहे, आणि त्याच्या तुटण्याच्या खुणा आपल्या नर्मदेकाठीही दिसतात. ग्वारीघाटावरून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली जाताना तिलवाराघाटानंतर लमेटाघाट लागतो. या घाटाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘लमेटा’ थरांमध्ये डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मध्ये मिळालेली हाडे ही भारतातील अशी पहिली नोंद मानली जाते. या थरांतील मांसाहारी डायनोसॉरचे जवळचे भाईबंद मादागास्करच्या खडकांतही मिळाले आहेत, कारण हे दोन भूभाग एके काळी सलग होते आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ते एकमेकांपासून विलग झाले. अशी बेटे तुटतानाच आपल्याबरोबर झाडे व प्राणी घेऊन निघतात.

मॉरिशस मात्र दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे समुद्रतळातून लाव्हा वर येऊन तयार झालेले बेट आहे. समुद्राबाहेर आल्यानंतर त्याचा कोणत्याही खंडाशी जमिनीवरून संबंध आला नाही. तरीही मराठी माणसाच्या पायाखालच्या जमिनीशी त्याचे एक थेट नाते आहे. पृथ्वीच्या कवचाखाली काही ठिकाणी अतितप्त शिलारस सतत वर येत राहतो. अशा ठिकाणाला ‘तप्तबिंदू’ म्हणतात. तप्तबिंदू जवळपास एका जागी राहतो आणि वरचे कवच मात्र सरकत राहते. तेवत्या समईच्या ज्योतीवरून एखादा पत्रा हळूहळू सरकवत नेला, तर त्याच्या खालच्या बाजूवर काजळीच्या डागांची रांग उमटते, तशीच ज्वालामुखींची रांग त्या कवचावर उमटते. आज रियुनियन बेटाखाली असलेला तप्तबिंदू सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंडाखाली होता, आणि त्याच्याच उद्रेकांतून दख्खनचा काळा पाषाण साचला, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. सह्याद्रीचे कडे त्या पाषाणाचे आहेत, महाराष्ट्रातील लेणी त्यातच कोरलेली आहेत आणि ग्वारीघाटाला पोहोचण्याआधी नर्मदा मंडला भागात ज्या पठारावरून वाहते, तेही त्याच पाषाणाचे आहे. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांची रांग उमटत गेली. मग महासागराच्या तळाला पडलेली फट त्या बिंदूवरून सरकल्यावर पुढचे डाग आफ्रिकेच्या बाजूच्या कवचावर पडले. त्यांतील मॉरिशस सुमारे ८० ते ९० लाख वर्षांचे, तर रियुनियन त्याहून बरेच तरुण आहे आणि तेथील एक ज्वालामुखी आजही जागा आहे.

शिवनेरीचा कडा आणि ल मोर्नचा कडा एकाच भट्टीतून निघाले आहेत ही गोष्ट शाळेच्या भूगोलात शिकवली जायला हवी. अंतर कित्येक हजार किलोमीटरचे आणि वयातला फरक कोट्यवधी वर्षांचा असला, तरी मूळ एकच आहे.

३. बी पोहोचले कसे आणि बदलले कसे?

समुद्रातून नव्याने वर आलेल्या बेटावर आरंभी गवताची काडीसुद्धा नसते. तिथे जे काही उगवते ते वाऱ्यावरून, लाटांवरून किंवा पक्ष्यांच्या पोटातून व पंखांना चिकटून आलेले असते. मॉरिशसपासून मादागास्कर ८०० किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि एवढे अंतर ओलांडून आलेले बी रुजणे, वाढणे आणि त्याला पुढची पिढी मिळणे ही अत्यंत विरळा घटना असते. तथापि, काळ पुरेसा मोठा असला की विरळ घटनांचीही बेरीज होते. समजा, असा यशस्वी प्रवेश २०,००० वर्षांत एकदाच होतो. तरी ८० लाख वर्षांत ४०० प्रवेश होतील. आज मॉरिशसवर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ६९० देशी जाती आहेत आणि त्यांपैकी २७० हून अधिक जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.

दुसरीकडे न मिळण्याचे कारण असे की, बेटावर पोहोचलेल्या वनस्पतीचा मूळ भूमीवरील नातेवाइकांशी संबंध तुटतो. तिकडचे पराग इकडे येत नाहीत. इकडच्या पावसाला, इकडच्या मातीला आणि विशेष म्हणजे इकडच्या प्राण्यांना जे गुण मानवतात ते पिढ्यानपिढ्या टिकतात, बाकीचे गळतात, आणि लाखो वर्षांनंतर ती वनस्पती वेगळी जातच होऊन बसते. ट्रोकेशिया या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, तसेच झाले आहे. तिच्या उपकुळाची सर्वाधिक विविधता मादागास्करात आढळते, पण ट्रोकेशियाच्या सहाही जाती मॉरिशस व रियुनियन या दोन बेटांबाहेर नाहीत. पाच मॉरिशसच्या आणि एक रियुनियनची.

४. लाल मकरंद

या झुडपाचे खरे नवल फुलाच्या आत आहे. लोंबणारे फूल हलकेच वर उचलून पाहिले, तर पाकळ्यांच्या तळाशी साचलेला मकरंद लाल दिसतो. जगातल्या बहुतेक सर्व फुलांचा मकरंद पाण्यासारखा नितळ असतो. रंगीत मकरंदाच्या फुलझाडांची नोंद साऱ्या जगात मिळून सत्तरच्या आसपास आहे. त्यांपैकी तीन एकट्या मॉरिशसची आहेत: राष्ट्रीय फुलाचे हे झुडूप, पिवळसर नारिंगी मकरंदाची त्याची बहीण ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना, आणि कड्यांवर वाढणारे, निळसर घंटाफुलांचे नेसोकोडॉन. नेसोकोडॉनचा मकरंद तर रक्तासारखा लाल असतो. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या लाल मकरंदावर एक छोटा लेख आला आणि त्यात हे कोडे सुटलेले नाही, असे संशोधकांनी स्पष्टपणे नोंदवले होते. रंग तयार करायला वनस्पतीला खर्च येतो. मग तो खर्च ती कोणासाठी करत असेल?

उत्तर मिळायला आठ वर्षे लागली. मॉरिशसवर फेल्सुमा नावाच्या पालींच्या जाती आहेत. आपल्या घरातील पाल रात्री दिव्याभोवती फिरते. फेल्सुमा मात्र दिवसा हिंडते, चकचकीत हिरवी असते आणि पाठीवर तांबडे ठिपके मिरवते. ती कीटक खाते, तसा फुलांतला मकरंदही चाटते. डेनिस हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम फुले बनवून काहींत रंगीत आणि काहींत नितळ मकरंद ठेवला, तेव्हा पालींनी रंगीत मकरंदाची फुले स्पष्टपणे पसंत केली. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पालींना रंग उत्तम दिसतात. फुलात खाऊ शिल्लक आहे की नाही, हे रंगामुळे त्यांना दुरूनच कळते. पाल फुलात डोके घालते, तिच्या डोक्याला व गळ्याला पराग माखतात आणि पुढच्या फुलात ते उतरतात. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोहोचण्याच्या या क्रियेला ‘परागीभवन’ म्हणतात, आणि ते झाल्याशिवाय फळ नाही व बीही नाही. खंडावरच्या अनेक फुलांचे हे काम मधमाश्या आणि भुंगे करतात. ज्या बेटावर असे कीटक थोडे होते, तिथे झाडांनी पालीला कामाला लावले.

रंगाची घडण कशी होते, हेही आता कळू लागले आहे. नेसोकोडॉनच्या लाल रंगद्रव्याची रचना २०२२ मध्ये उलगडली आणि त्याला ‘नेसोकोडिन’ असे नाव मिळाले. मकरंद अल्कधर्मी, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुणाचा झाला की त्यातच हा रंग तयार होतो.

५. केवड्याचा आसरा

पालीने फुलाकडे यायचे, तर पाल जवळपास राहत असली पाहिजे. मॉरिशसचा ससाणा या पालींची शिकार करतो, त्यामुळे पालीला लपायला जागा लागते. ती जागा म्हणजे केवड्याच्या गणातील झुडपांची गच्च बेटे. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी केवड्याच्या बनात हात घातला आहे, त्यांना त्याच्या पानांच्या करवती कडा ठाऊक आहेत. त्या काटेरी पानांच्या बेचक्यांत बसलेल्या पालीपर्यंत ससाण्याला सहजी पोहोचता येत नाही. हॅन्सन यांच्या गटाने २००७ मध्ये ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियानाची झुडपे तपासली तेव्हा असे आढळले की, केवड्याच्या बेटाला लागून असलेल्या झुडपांवर पालींची ये-जा जास्त होती आणि त्यांना फळेही अधिक धरत होती, तर केवड्यापासून दूर असलेल्या, एरवी तशाच निरोगी झुडपांवर फळधारणा कमी होती.

या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. झुडपाला केवड्याकडून अन्न, पाणी किंवा सावली असे काहीच मिळत नव्हते. तरीही केवडा तोडला असता, तर फुले पूर्वीसारखीच फुलली असती आणि बी मात्र घटले असते. वरवर पाहणाऱ्याला तो ऱ्हास कित्येक वर्षे दिसलाही नसता, कारण झुडूप दीर्घायुषी असते आणि म्हातारे होईपर्यंत फुलत राहते. दुर्मीळ वनस्पतीची गणती करताना उभी झुडपे मोजणे हे अर्धेच काम आहे. त्यांच्या पायाशी कोवळी रोपे दिसतात का, हे पाहिले तरच ती जात टिकणार की नाही हे कळते.

६. चारशे वर्षांतली पडझड

डच लोक १५९८ मध्ये या बेटावर उतरले आणि १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. पुढच्या काही दशकांतच डोडो हा न उडणारा पक्षी संपला, हे सर्वश्रुत आहे. आबनूसाची तोड झाली, मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले, आणि सपाट जमीन उसाखाली गेली. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, त्या सुमारास उसाच्या मळ्यांसाठी करारावर बांधलेले मजूर भारतातून नेण्यास सुरुवात झाली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी शिकतात, गणेशोत्सव करतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. उसाचा दोष त्या मजुरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण जमीन, भांडवल आणि निर्णय हे सारे मळेवाल्यांच्या हाती होते.

ल मोर्नवर ऊस लावणे शक्यच नव्हते. त्याच्या कड्यांवर पळून आलेल्या गुलामांनी आसरा घेतला होता, म्हणून युनेस्कोने २००८ मध्ये त्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. माणसाला अवघड असलेल्या त्याच उतारांनी या झुडपालाही वाचवले. सह्याद्रीतही असेच घडले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात जुन्नर परिसरातून नोंदवलेली शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची प्रदेशनिष्ठ वनस्पती शिवनेरीसारख्या कड्यांवर टिकली, कारण तिथे नांगर किंवा गुरे सहसा पोहोचत नाहीत. कडा हा दुर्मीळ झाडांचा शेवटचा किल्ला असतो.

पण या किल्ल्याला बाहेरून आणलेल्या वनस्पतींचा आणि प्राण्यांचा वेढा पडला आहे. ब्राझीलमधून आलेला लहान लाल फळांचा पेरू मॉरिशसच्या जंगलात इतका दाट माजतो की, त्याखाली देशी झाडाचे बी रुजले तरी त्याला ऊन मिळत नाही. आपल्या रानांत घाणेरीने काय केले आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची कल्पना चटकन येईल. त्यात भर म्हणून आग्नेय आशियातून आणलेली माकडे कोवळी फळे व फुले ओरबाडतात आणि उंदीर बिया खातात. परिणामी, चांगल्या स्थितीतले देशी जंगल मॉरिशसवर आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

७. रोपवाटिकेतली हजार, डोंगरावरची मोजकी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल: बागेत लावून भागत नाही का? हे झुडूप बियांपासून आणि फांद्यांपासून तयार करता येते, आणि मॉरिशसमध्ये ते लागवडीत आहे. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. त्याची मर्यादा मात्र एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, डोंगरावर ६० झुडपे आहेत आणि त्यांपैकी सोयीच्या जागी असलेल्या तिघांच्या फांद्या आणून ३,००० रोपे केली. संख्या पन्नास पटींनी वाढली, पण आनुवंशिक वाण तीनच राहिले, कारण फांदीपासून झालेले रोप मूळ झुडपाची हुबेहूब प्रत असते. एखादी बुरशी त्या तीन वाणांवर पडली, तर ३,००० रोपे एकाच हंगामात जाऊ शकतात. उरलेल्या ५७ झुडपांत कदाचित तिला पुरून उरणारा गुण असेल, पण तो बागेत आलेलाच नसतो. म्हणून जाणकार लोक शक्य तितक्या वेगवेगळ्या झुडपांचे बी गोळा करतात आणि कोणते रोप कोणत्या झुडपाचे, याची नोंद ठेवतात.

दुसरी मर्यादा पालीची. बागेत पाल नसली, तर फुलातला लाल मकरंद तसाच पडून राहतो आणि माळ्याला कुंचल्याने पराग लावावे लागतात. यावर मॉरिशसने जो मार्ग धरला तो असा की, देशी जंगलाचे छोटे तुकडे कुंपण घालून राखायचे, त्यांतला पेरू आणि इतर उपरी झुडपे हातांनी उपटायची आणि आतल्या देशी झाडांना आपले आपण पसरू द्यायचे. १९८४ मध्ये स्थापन झालेली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि सरकारचा राष्ट्रीय उद्यान विभाग हे काम करत आले आहेत. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यानही झाले. हे काम कष्टाचे आहे आणि कधी संपत नाही, कारण कुंपणाबाहेरचे बी पक्षी पुन्हा आत आणतात. मात्र त्याची फळे दिसतात. १९७४ मध्ये ज्या ससाण्याचे अवघे चार पक्षी उरले होते, त्याची संख्या पुढे शेकड्यांत गेली. १८६३ नंतर कोणीच न पाहिलेली आणि नामशेष समजली गेलेली ट्रोकेशिया पार्विफ्लोरा २००१ मध्ये कोर द गार्द या डोंगरावर पुन्हा सापडली, आणि सहा जातींच्या यादीतली एक ओळ पुसावी लागली नाही.

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे आणि त्यांतले पुष्कळ जण ल मोर्नची चढण चढतात. जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान जाणाऱ्यांनी वाटेकाठच्या झुडपांवर लोंबणारी नारिंगी लाल घंटाफुले दिसतात का, ते पाहावे. दिसली तर फूल तोडू नये, फांदी वाकवू नये आणि पायवाट सोडून कड्याकडे जाऊ नये. चढायच्या आधी बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती व बिया झटकून टाकाव्यात, कारण बाहेरचे बी त्या डोंगरावर नेणे हेच त्या झुडपाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.